झालं म्हणणारा डबा

कारंजा लाड
६ मार्च २०२५

साक्षी,

आत्याचा जयभीम घे. इकडं सारे बरे हायत, बाकी खुशालीचं तुह्या बापाकडून तुले कळतेच. मी कामाचं लिवतो.

दिवाळीत येऊन तू स्टुडिओत जिन्याखाली तो काळा डबा बसवून दिला. तिन्ही कॉम्प्युटरचे फोटो एकाच जागी राहतीन म्हणे. राहतात. पण बाहेर निंघत नाहीत. एखाद्या लग्नाचे फोटो उघडाले सांगितले का पडद्यावर ते गोल फिरत बसते. गिऱ्हाईक समोर असते. मी त्याले पाणी देतो, चहा मांगवतो, नवरीच्या मामाची चौकशी करतो, तरी ते गोलच. परवा एक जण म्हणे, बाई, नवरीले लेकरू होईन तोवर तं दिसन ना तिचं लग्न? पल्लवी खुदकन हसली. इंझोरीची, अल्बम बनवते ती, तू पाह्यली तिले. काम चोख हाय तिचं, पण हासाले काहीही पुरते.

कार्ड उतरवणं त्याहून बेकार. लग्नावरून कॅमेऱ्याचं कार्ड आलं अन् डब्यात उतरवाले लावलं का पल्लवीची शेवटची एसटी चुकलीच समज. मंग मी तिले कोणाच्या तरी गाडीवर पाठवतो, अन् तिची सासू मले नावं ठेवते.

तू फोनवर सांगितलं ते आम्ही करून पाह्यलं. एक टिंब इकडचं तिकडं झालं, तं तिन्ही कॉम्प्युटर डब्याले ओळखच दाखवेनात. म्हणून आता फोन नको. कागदावर लिवून पाठव, मोठ्या अक्षरात. माह्या फोनले बटनं हायत, त्यावर काही दिसत नाही. चौथीच शिकली मी, पण समोर कागद असला तं जसंच्या तसं उतरवता येते मले.

लग्नसराई तोंडावर हाय. उशीर नको करू.

रत्नमाला आत्या


पुणे
१२ मार्च २०२५

आत्या, तुम्हाला जयभीम.

पत्र वाचून ऑफिसात हसले. इथे माझ्याएवढ्या वयाच्या कोणालाही पोस्टाने पत्र येत नाही. शिपाई दोनदा विचारून गेला की कोर्टाचं आहे का.

दोन चिठ्ठ्या सोबत आहेत. पहिली तिन्ही कॉम्प्युटरांसाठी. प्रत्येकावर ती एकेक ओळ जशीच्या तशी टाकायची. कॉम्प्युटर डब्याला जोडला जातो तेव्हा कसं जोडायचं, ते त्या ओळीत असतं. दुकानातली केबल जुनी होती म्हणून मी तेव्हा भीत भीत आकडे लहान ठेवले होते. डबा फोटो चमच्याने वाढत होता, आता पातेल्याने वाढेल. दुसरं, कोणताही फोटो उघडला की तो कधी उघडला याची नोंद डबा करत बसायचा. ती नोंद तुम्हाला कधीच लागणार नाही, म्हणून बंद केली.

दुसरी चिठ्ठी डब्यासाठी. त्यात एकच शब्द बदलायचा आहे. त्याने कार्ड उतरवायचा वेळ एकदम खाली येईल. जास्त समजावत नाही, नाहीतर तुम्ही म्हणाल पोट्टी भाषण देऊन राह्यली. इन्व्हर्टर आहेच ना दुकानात? तो चालू ठेवत जा.

पल्लवीताईंनाच टाइप करू द्या. तुम्ही घाईत बोट दाबता.

साक्षी


कारंजा लाड
२७ मार्च २०२५

साक्षी,

तुले साडी घ्या लागते आता. काय पळून राह्यला तो डबा. फोल्डरवर बोट ठेवलं का फोटो हजर. चहाचा खर्च वाचला माहा. तो लेकराचा टोमणा मारणारा परत आला होता, त्याले मुद्दाम बसवून साऱ्या लग्नाचे फोटो दाखवले. जा म्हटलं, लेकरू व्हायच्या आत पाह्यलं ना?

कार्डाचं तं इचारूच नको. लावलं, पट्टी सरकली, झालं. पल्लवी म्हणे, काकू, इतक्या लवकर कसं झालं, मले भेव वाटते. मी म्हटलं, तुले हळू असलं तरी तरास अन् जलद असलं तरी तरास. तिले एसटी मिळते आता. मीही वेळेवर दुकान बंद करतो. मांगच्या साली गल्लीतलं कापडाचं दुकान शॉर्टसर्किटनं जळालं, तवापासून आमच्या रांगेतले सारे दुकानदार शटर ओढायच्या आधी मेन पाडतात. कोणी विसरलं तं शेजारचा आवाज देते. मी इन्व्हर्टरचं बटनही बंद करतो, अन् मंग मेन. इन्व्हर्टर दिवसभर चालूच असते, तू लिवलं ते ध्यानात हाय.

भावाले मी सांगितलं, तुह्या पोरीनं माहं दुकान पळतं केलं. त्याची छाती फुगली. साऱ्या वाशिमले सांगत फिरून राह्यला असन.

आत्या


कारंजा लाड
२१ एप्रिल २०२५

साक्षी,

इंझोरीच्या भागवतच्या राधिकाचं लग्न मांगल्या आठवड्यात आम्ही केलं. काल भागवत अन् त्याची बायको फोटो निवडाले आले. हार घालतानाचे निंघाले, जेवणाचे निंघाले. त्यापुढचे नाहीत. घरच्यांसोबतचे, नातेवाइकांसोबतचे, पोरगी गाडीत बसतानाचे, सारे कोरे. नावं दिसतात, आत काही नाही. भागवतची बायको इचारे, बाई, माह्या मायसोबतचा राधिकाचा फोटो? तिची माय भागिरथाबाई, खाटेवर आणून मांडवात बसवली होती तिले. तोही कोरा.

लग्नावरून कार्ड पल्लवीच घेऊन आली होती. पाहाले गेलो तं तिनं ते त्याच संध्याकाळी मोकळं केलेलं. दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या लग्नाले गेलं, त्याच्यावर दुसरेच फोटो चढले.

मी तिले तिथंच उभं केलं. दुकानात गिऱ्हाईकं होती. ती म्हणे, "काकू, पडद्यावर झालं म्हणून आलं, मंगच मी कार्ड मोकळं केलं." मी म्हटलं, "झालं असतं तं फोटो कुठी गेले? तुले एसटी पकडाची घाई. लोकाच्या पोरीचं लग्न वाया गेलं तरी चालन तुले." ती परत तेच म्हणे. मी म्हटलं, खोटं नको बोलू, अन् उद्यापासून येऊ नको. तिनं पर्स उचलली अन् गेली. भागवत अन् त्याची बायकोही त्याच एसटीनं गेले.

भागवतले पैसे वापस देतो म्हटलं. तो म्हणे, पैशाचं काय करू.

तू सांग, ते कोरे फोटो भरता येतात का काही करून. पुढची लग्नं हायत, अन् अल्बमले माणूस नाही. सारं माहा जीव खाऊन राह्यलं.

आत्या


पुणे
५ मे २०२५

आत्या,

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. कोरे झालेले फोटो भरता येत नाहीत.

मला तीन गोष्टी लिहून कळवा. त्या संध्याकाळी कार्ड कोणी काढलं? "झालं" आल्यानंतर तुम्ही दुकान किती वेळाने बंद केलं? आणि डबा बंद करताना त्याचं स्वतःचं बटण दाबून, दिवा विझेपर्यंत थांबता, की मेन पाडता?

तोवर पल्लवीताईंबद्दल कोणाला काही बोलू नका.

साक्षी


कारंजा लाड
११ मे २०२५

साक्षी,

इतक्या दिवसांनी चार ओळी, अन् त्यातही मलेच उलटतपासणी. तू तिची वकील हाय का?

इचारलं तं ऐक. कार्ड पल्लवीनंच काढलं. झालं म्हणून आलं ते मीही पाह्यलं, मी तिच्या मांगंच उभी होती. शेजारचा ओरडला, बाई, आवरा. मी इन्व्हर्टरचं बटन दाबलं, मेन पाडला. कॉम्प्युटर बंद करू द्या म्हणे पल्लवी. मी म्हटलं, मेनसोबत सारेच बंद होतात, चाल. इतके दिवस तसंच करतो मी. दिवाळीपासून मेन पाडून राह्यली, कधी एक फोटो गेला नाही. डब्याचं बटन, दिवा, हे सारं तू सांगितलं असन, पण जिन्याखाली वाकाले माहे गुडघे नाहीत.

आता हे लिवताना माह्या ध्यानात आलं का झालं हे मीही पाह्यलं होतं. पण तिचंच काही चुकलं असन. कार्ड तिच्याच हातात होतं.

बोलू नको म्हणतेस, तं बोलाचं काही राह्यलंच नाही. भागवतनं गावात सांगितलं. तिच्या सासूनं तिचं बाहेर निंघणं बंद केलं म्हणे. कामावर जाऊन घराचं नाव घालवलं, म्हणे. हे मले भाजीवाल्या प्रयागबाईनं सांगितलं, तीही इंझोरीचीच. मी काय करू त्याले. मी काही तिच्या सासूले सांगाले गेली नव्हती.

तुले काय माहीत हाय ते सरळ लिव.

आत्या


पुणे
२० मे २०२५

आत्या,

सरळ लिहिते.

पल्लवीताईंनी काही चुकीचं केलं नाही.

दुसऱ्या चिठ्ठीतला तो एक शब्द. आधी डबा कसा वागायचा ते सांगते. कॉम्प्युटरने फोटो दिला की डबा तो डिस्कवर नीट ठेवायचा, मगच "झालं" म्हणायचा. म्हणून वेळ लागायचा, आणि म्हणूनच तुम्ही मेन पाडला तरी काही जात नव्हतं. मी तो शब्द बदलला. आता डबा फोटो हातात घेतल्याबरोबर "झालं" म्हणतो आणि सवडीने ठेवतो. फार नाही, अर्ध्याएक मिनिटात ठेवतो. तेवढ्यात वीज गेली तर हातातलं सगळं जातं. शेवटी घेतलेलंच जातं. राधिकाचे गेले ते शेवटचेच होते.

मला हे माहीत होतं. आमच्या ऑफिसात हा शब्द कोणी बदलला तर आधी कागदावर कारण द्यावं लागतं. तुम्ही फोनवर रोज ओरडत होतात, मला त्यातून सुटायचं होतं. म्हणून समजावलं नाही. इन्व्हर्टरचं एक वाक्य लिहून ठेवलं, म्हणजे काही झालं तर त्याच्याआड उभं राहता येईल.

एप्रिलमधलं तुमचं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. तरी उत्तर लिहायला मी दोन आठवडे लावले. रोज वाटायचं, कदाचित पल्लवीताईंचंच काही चुकलं असेल. तसं असावं असं मला वाटत होतं, आत्या. त्या घरी बसल्या होत्या आणि मी इथे बसून हे मनात आणत होते.

डब्याचा शब्द परत बदलायची चिठ्ठी जोडली आहे. आधी ते करा.

साक्षी


कारंजा लाड
२६ मे २०२५

साक्षी,

चिठ्ठीवरचं उतरवलं. मीच टाइप केलं, अर्धा दिवस गेला. डबा परत हळू झाला.

तुह्यावर लय राग आला होता. चार पानं लिवली अन् फाडली. फाडून झाल्यावर कोणावर रागावू ते सुचेना.

भागवतले काय सांगू? डब्यानं फोटो गिळले सांगू का तुहं नाव घेऊ? प्रयागबाईजवळ मी निरोप पाठवला का पल्लवीले म्हणा, झालं गेलं, ये कामावर. ती आली नाही. निरोप तरी पोचला का नाही कोणाले माहीत. मी दोनदा एसटी स्टँडवर गेली अन् इंझोरीची गाडी लागलेली पाहून वापस आली. दुकानातून कोणालेही घालूनपाडून बोलता येते मले. गाडीत चढता आलं नाही.

आत्या


पुणे
१ जून २०२५

आत्या,

माझं नाव घ्या. बाबांना मी कालच फोन करून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, जेवण झालं का.

एक सुचतंय. हल्ली लग्नात प्रत्येक जण मोबाइलवर फोटो काढतो. ते शेवटचे फोटो इंझोरीत कोणाकोणाच्या फोनमध्ये असतीलच. ते गोळा झाले तर राधिकाचा अल्बम पुरा होईल. मी सुट्टी काढून येते, दोघी जाऊ.

साक्षी


कारंजा लाड
१६ जून २०२५

साक्षी,

तू येऊ नको म्हणून फोन केला होता तो ऐकला ना. मी एकटी जाऊन आली. आता सारं लिवतो.

दुकानातला मोठा मोबाइल घेतला, फोन टू फोन फोटो कसे घ्याचे ते फ्लेक्सवाल्याकडून शिकली, अन् सकाळच्या गाडीनं इंझोरीले उतरली. आधी भागवतचं घर. त्याले म्हटलं, गावात ज्याच्याजवळ असतीन त्याच्याकडून फोटो आणतो, अल्बम फुकट करून देतो. त्यानं खाट टाकली, पाणी दिलं. फोटो कशानं गेले ते त्यानं इचारलं नाही. त्याले वाटे त्याले माहीत हाय. मीही बोलली नाही. वाटलं, आधी फोटो मिळू दे, मंग पाहू.

मंग दारोदार. पेरणीचे दिवस, पुरुष वावरात, बाया घरी. प्रत्येक दारात तेच. मी स्टुडिओवाली, राधिकाच्या लग्नाचे फोटो हायत का तुमच्या फोनात. हो बाई, हायत. पण तुमच्याचे कुठी गेले? मी सांगे, लाईन गेली होती, मशिनीतून उडाले. इतकंच. खोटं नव्हतं ते. बाया च्च च्च करत, फोन काढून देत. कोणाजवळ मांडवातला एक, कोणाजवळ गाडीजवळचे दोन. एकीच्या पोरानं सारं वाकडं काढलेलं, तरी घेतले. भागिरथाबाई अन् राधिकाचाही सापडला, मांगं कोणाचं तरी डोकं आलेलं, पण दोघींचे चेहरे साफ. मले बरं वाटाले लागलं होतं. वाटलं, आज काम होते.

प्रयागबाईच्या दारात गेली. ती ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधून राह्यली होती, बाजूच्या दोन बाया मदतीले. मी तेच सांगितलं, लाईन गेली अन् उडाले. प्रयागबाईनं मान वर केली नाही. म्हणे, "काहून, पल्लवीनं घालवले ना? तुमीच तं दुकानात सर्व्यांसमोर बोल्ल्या."

त्या दोघी माह्या तोंडाकडं पाहून राह्यल्या होत्या.

साक्षी, मले तवा तुहं सारं पाठ होतं. तो शब्द, ते हातात घेणं, सवडीनं ठेवणं. सारं सांगता आलं असतं, अन् त्या बायांनी मान हलवली असती, मशिनीचं काय कळते बाई म्हणून. पण मशिनीनं पल्लवीले खोटारडी म्हटलं नव्हतं. तू म्हटलं नव्हतं. तू जे केलं त्यानं फोटो गेले, अन् त्याचं अर्धं तं आता माह्या पिशवीत आलं होतं. तिचं नाव गेलं ते माह्या तोंडानं गेलं. ते कोणाच्या फोनात सापडणार नव्हतं. म्हणून तुहं नाव मी घेतलं नाही. तुले वाचवाले नाही. त्या दारात तुहं काही कामच नव्हतं.

मी म्हटलं, "तिनं नाही घालवले. मेन मी पाडला. ती म्हणे थांबा, मी थांबली नाही. झालं म्हणून आलं होतं ते मीही पाह्यलं होतं, अन् तरी तिले खोटी म्हटलं."

प्रयागबाईनं जुडी बांधली, दात लावून दोरा तोडला. म्हणे, मंग तुमी मांगच्या घरी काय सांगितलं?

मी म्हटलं, लाईन गेली म्हणून.

म्हणे, अस्सं.

तिनं दुसरी जुडी ओढली. मीच उठली. माह्यानं तिथं पाणीही पिववलं नाही. अन् मी वापस फिरली, साक्षी. ज्या ज्या दारात लाईन गेली सांगितलं होतं त्या दारात परत. फोटो घेऊन झाले होते, आता कायले आली म्हणून बाया पाहत. एका घरी पोरगी म्हणे, आजी, चार्जर विसरली का? मी उंबऱ्याबाहेरूनच सांगे, पल्लवीनं काही केलं नाही, मीच मेन पाडला अन् तिच्यावर घातलं. कोणी म्हणे, अवं माय. कोणी म्हणे, असू द्या हो, होते घाईत. एकीनं आतून दार लोटलं, ते मले आवडलं. दुसरीनं चांगलं बोलून मले बसवलं ते सोसत नव्हतं. भागवतच्या घरी शेवटी गेली. तो वावरातून आला होता. ऐकून घेतलं त्यानं. म्हणे, बाई, तुमी तवाच सांगितलं असतं तं मी एसटीत तसं नसतो बोललो तिले. त्याची बायको आत निंघून गेली. एसटीत तो काय बोलला होता ते मी इचारलं नाही.

मंग पल्लवीचं घर राह्यलं.

अंगणात ती भांडे घासून राह्यली होती. मले पाह्यलं अन् घासतच राह्यली. सासू आत खाटेवर. मी उभी राहून सारं सांगितलं, डब्याचंही, माहंही. साऱ्या गावात सांगून आली, तेही सांगितलं. वाटलं, आता तरी ती वर पाहीन. तिनं कढई उपडी घातली, हात पुसले. फोन आणला, मले म्हणे, राधिका गाडीत बसताना मी उभी होती तिच्याजवळ, हे घ्या, यात सगळ्यात साफ आले. तिच्याजवळचे फोटो खरंच चांगले होते. तिले हात हाय कॅमेऱ्याचा. ते फोटो तिच्याजवळ एवढे दिवस होते, अन् तिले कोणी मांगितले नव्हते.

फोटो येऊन राह्यले होते तवा मी म्हटलं, पल्लवी, माहं चुकलं. कामावर ये का नको येऊ, तुही मर्जी. पण माहं चुकलं.

ती म्हणे, "मले कायले सांगता काकू? मले तं माहीतच होतं. आत जाऊन सासूले सांगा."

मी आत गेली. म्हातारी भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी जवळ बसून हळू आवाजात सांगाले लागली. तिनं कानाले हात लावला. दारातून पल्लवी म्हणे, "त्याहिले कमी ऐकू येते. मोठ्यानं बोला."

घर रस्त्याले लागून हाय. समोर पारावर माणसं बसली होती, वावरातून बाया येऊन राह्यल्या होत्या. मी मोठ्यानं सांगितलं. दोनदा सांगा लागलं.

आत्या